दिवेलागणीनंतरचं विरजण

नोटीस आली सोमवारी, आणि तीही कुणी हातात दिली नाही. टाकीच्या दारावर गोंद फासून चिकटवली होती, दिव्याच्या बरोब्बर खाली. द्वारकाबाई वायदंडे सकाळी बादली-खराटा घेऊन आल्या, चष्मा पदराला पुसला आणि उभ्याउभ्या वाचली. बारा नंबर वॉर्डातली सांडपाण्याची टाकी विनापरवाना आहे, सार्वजनिक आरोग्यास अपायकारक आहे, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर सील करू. खाली मुख्याधिकारी, वरणाळे नगरपंचायत, असा शिक्का. तोसुद्धा तिरका.

"अपायकारक म्हणे!" द्वारकाबाई एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या. "जिभेला काही हाड यांच्या?"

चिडतील नाहीतर काय करतील? चार वर्षांत वॉर्डात एकालाही कावीळ झाली नव्हती. गटारीवरून जाताना नाकाला पदर लावावा लागत नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वॉर्डाच्या मोठ्या चेंबरात चार वर्षांत एकही माणूस उतरला नव्हता. शेवटचा उतरला तो दिनकर, द्वारकाबाईंचा नवरा. नगरपंचायतीत रोजंदारीवर होता. कमरेला दोर बांधून खाली गेला, वायूनं गुदमरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा तेव्हाही होताच. चौकशीत नगरपंचायतीनं लिहून दिलं, की मयत स्वतःच्या मर्जीनं उतरला. मर्जीनं! हौस म्हणून! ते वाक्य द्वारकाबाईंना तोंडपाठ होतं.

ओल्या फडक्यानं भिजवून त्यांनी नोटीस न फाडता सोडवली, घडी घालून पिशवीत टाकली आणि नगरपंचायतीची वाट धरली. परवान्यासाठी ही त्यांची अठरावी फेरी होती.

आता ही टाकी काय चीज होती ते सांगायला हवं, कारण दिसायला ती काहीच नव्हती. सिमेंटची, एका खोलीएवढी, अर्धी जमिनीत पुरलेली. खरी करामत आत राहणाऱ्यांची होती.

आपण श्वास घेतो तो कशासाठी? अन्न पचताना शरीरात इलेक्ट्रॉन मोकळे होतात, ते कुणाच्या तरी हवाली करावे लागतात. आपण ते हवेतल्या प्राणवायूच्या हवाली करतो. चिखलात, घाणीत हवा नसते. तिथले काही जीवाणू आपले इलेक्ट्रॉन मातीतल्या लोखंडाच्या कणांना देतात. त्यांच्यापुढं कोळशाची कांडी धरली तर ते कांडीला देतात, आणि कांडीला तार जोडली की तारेतून वीज वाहते. म्हणजे ते घाण खातात आणि खाता खाता दिवा पेटवतात. एवढं जगाला बरीच वर्षं ठाऊक होतं. विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी चाळीसएक जातींच्या जीवाणूंचं असं एक कुटुंब जमवलं, की ते टाकीत थांबत नसे. पाईपांच्या आतल्या भिंतींवर पातळ साय धरत ते उलट दिशेनं, घराघराच्या मोरीपर्यंत पसरत जाई आणि वाटेतलं तेल, चिकटा, गाळ सगळं फस्त करी. चेंबर तुंबण्याचं कारणच उरत नसे. टाकीतून बाहेर पडणारं पाणी झाडांना घाला, गाड्या धुवा.

संशोधक मंडळी दोन वर्षं वरणाळ्यात राहिली. प्रकल्पाची मुदत संपली तशी निघून गेली. टाकी कुणाच्या गळ्यात घालायची? तर तिथं झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाईंच्या. त्याआधी त्यांनी वीस वर्षं शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवली होती. जीवाणूंचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांनी एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विरजणच की हो!" तेव्हापासून अख्ख्या वॉर्डात ते विरजण झालं.

आणि खरंच, ते विरजणासारखंच वागायचं. जसं एकाच विरजणाचं दही दोन घरांत दोन चवींचं लागतं, तसं हे कुटुंब ज्या वस्तीचं अन्न खाई तिच्या तऱ्हेनं बदलत जाई. बारा नंबर वॉर्डातलं विरजण वर्षभरात इतकं वेगळं झालं, की त्याच्या जनुकांची स्वतंत्र छाप सरकारी प्रयोगशाळेत नोंदवली गेली. सांभाळणारी म्हणून द्वारकाबाईंचं नाव आणि फोन नंबर. नगरपंचायतीच्या लेखी मात्र ना टाकी होती ना बाई.

टाकीच्या दारावर एक पिवळा दिवा होता. वीज कंपनीशी त्याचा काही संबंध नव्हता, विरजणावरच जळायचा. दिवाळीत तळणाचं तेल आलं की फुरफुरायचा, संकष्टीला मंदावायचा. द्वारकाबाई रोज संध्याकाळी त्याच्याकडं बघूनच टाकीची तब्येत ओळखायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली चिनीमातीची एक बरणीही होती. विरजण कधी सगळं वापरून टाकायचं नाही, थोडं बाजूला ठेवायचंच, ही आईची शिकवण. बरणीला रोज भाताची पेज आणि टाकीतलं वाटीभर पाणी.

नगरपंचायतीत दारात संगणकाचा बोलता पडदा लावला होता. २०३८ सालात अर्ज माणसं तपासत नसत, तो पडदा तपासायचा. गोड आवाजात तो म्हणाला, "नमस्कार द्वारकाताई. आपला अर्ज आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया प्रकल्पाची क्षमता निवडा."

यादी दहा लाख लिटरपासून सुरू होत होती. द्वारकाबाईंची टाकी होती चाळीस हजारांची. सतरा वेळा हेच झालं होतं. त्या पडद्याकडं पाठ फिरवून सरळ मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत शिरल्या.

देशमाने साहेब फोनवर होते. फोन ठेवून हसले. हा माणूस कधी चिडायचा नाही, आणि त्याचीच द्वारकाबाईंना जास्त चीड यायची.

"या बाई. नोटीस मिळाली वाटतं?"

"मिळाली. परवाना द्या, मग विनापरवाना राहणार नाही."

"देतो की. क्षमता दहा लाख करा."

"अडीचशे घरं आहेत साहेब. दहा लाख लिटर कुठून आणू? रडून?"

"मग त्याला रकाना नाही. रकाना नसला तर मी काय करणार, तुम्हीच सांगा. आणि आता गरजही नाही. आपला मोठा प्रकल्प चालू आहे ना! सांडपाण्यात यंदा राज्यात पहिला नंबर येतोय आपला. पुढच्या बुधवारी पाहणी समिती येतेय. तुमच्या त्या टाकीनं उगीच इंप्रेशन खराब होतं."

मोठा प्रकल्प! तो गावाबाहेर माळावर होता. दोनदा उद्घाटन झालेला, उंच भिंतीआड, दारात पहारेकरी. गावाचं सांडपाणी मात्र अजून ओढ्यातच जात होतं. कुणी विचारलं की उत्तर यायचं, जोडणी टप्प्याटप्प्यानं सुरू आहे. टप्पे कुठले, ते देवालाच ठाऊक.

द्वारकाबाई काही न बोलता बाहेर पडल्या. बोलायचं नव्हतं म्हणून नाही, बोलल्या असत्या तर टेबलावरचा पेपरवेट हातात आला असता.

त्यांची एक आशा होती, ती म्हणजे मुरली. मुरलीधर अवघडे, त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. द्वारकाबाईंनीच त्याला वाढवला, खिचडीच्या पातेल्याशी बसवून अभ्यास करून घेतला. आता तो नगरपंचायतीत आरोग्य निरीक्षक होता, पण कंत्राटी. सहा वर्षं 'पुढच्या यादीत कायम करू' ऐकत होता. दर बुधवारी सकाळी तो दोन पांढरे कॅन घेऊन यायचा, टाकीच्या तोटीतून स्वच्छ पाणी भरून घ्यायचा. "तपासणीला हवंय आक्का," एवढंच म्हणायचा. द्वारकाबाई त्याला चहा आणि भडंग द्यायच्या. त्यांना वाटायचं, चला, सख्खा भाऊ आत आहे, पाणी तपासतोय, चांगले रिपोर्ट साठले की आज ना उद्या परवाना येईल. अकरा बुधवार त्यांनी स्वतःच्या हातानं कॅनची बुचं आवळून दिली होती. कधी विचारलं नाही, की रिपोर्ट कुठं आहेत. भावाला कोण विचारतं?

गुरुवारी नगरपंचायतीनं गाव साफ करायला घेतलं.

कुणी मोठं माणूस येणार असलं की आपल्याकडं काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. रस्त्याच्या कडेनं चुन्याच्या रेघा ओढतात आणि गटारीत पांढरी टीसीएल पावडर ओततात. आजोबांच्या काळातही हेच, नातवांच्या काळातही हेच. समिती माळावरच्या प्रकल्पाकडं जाणार बारा नंबर वॉर्डावरून, म्हणून तिथं जास्तच जोर. द्वारकाबाई रेशनला गेल्या होत्या. परत येईपर्यंत प्रत्येक गटारीत पांढरा थर होता आणि मोठ्या चेंबरात पाच पोती रिकामी झाली होती.

टीसीएल जंतू मारते. त्यासाठीच ती असते. चांगला जंतू कुठला, वाईट कुठला, हे तिला कळत नाही, आणि ती ओतणाऱ्यांनाही कळत नव्हतं.

द्वारकाबाई धावत टाकीशी गेल्या. तोटी उघडली, पाणी उपसलं, नळाला नळी लावून आत सोडायला निघाल्या, मग आठवलं की नळाच्या पाण्यातही टीसीएलच. त्या दारापुढं पायरीवर बसल्या. संध्याकाळ झाली. दिवा थरथरला, एकदा मोठा झाला आणि विझला. चार वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या शहनाजभाभी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. द्वारकाबाई रडल्या नाहीत. दातावर दात रोवून त्या काळ्या काचेकडं बघत राहिल्या.

शुक्रवारी देशमाने साहेब म्हणाले, "कमाल आहे बाई तुमची! स्वच्छता केली तरी तक्रार?"

मेलेलं विरजण पाईपांच्या भिंतींवरून सालपटासारखं सुटलं आणि वाहत वाहत चेंबरात येऊन अडकलं. शनिवारी मोऱ्या बुडबुडायला लागल्या. रविवारी घाण पाणी खालच्या आळीतल्या सहा घरांत उलटं शिरलं. आणि सोमवारी सकाळी ठेकेदाराची दोन माणसं चेंबरापाशी आली. हातात बादली आणि दोर. चेहऱ्याला साधा रुमाल. समितीच्या आधी रस्ता कोरडा पाहिजे, असा साहेबांचा हुकूम होता.

दोर बघितला आणि द्वारकाबाईंच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. त्या चालत गेल्या आणि चेंबराच्या लोखंडी झाकणावर मांडी घालून बसल्या.

"काकी, उठा की," त्यातला एक जण म्हणाला. "आमची आजची हजेरी जाईल."

"हजेरी जाऊ दे, जीव राहू दे. घरी जा. बायका-पोरं आहेत ना तुम्हाला?"

नगरपंचायतीकडं मैला खेचणारी गाडी होती, बरं का! तीन वर्षांपूर्वी घेतलेली. एक नळी खाली सोडायची की संपलं. पण ती गाडी माळावर उभी होती. तिला नवा रंग देऊन, झेंडूच्या माळा घालून समितीला दाखवायला ठेवली होती. घाणीत घातली असती तर रंग खराब झाला असता.

दुपारी ऊन चढलं. झाकण तव्यासारखं तापलं. बायकांनी पोत्यांची घडी खाली सरकवली, भाकरी आणून दिली. चारच्या सुमाराला मुरली आला. त्याला साहेबांनीच पाठवलं होतं. त्यानं छत्री उघडून बहिणीच्या डोक्यावर धरली.

"आक्का, ऊठ गं. माझी नोकरी जाईल."

"दाजी गेले तेव्हा तू खांदा दिलास ना त्यांना? याच झाकणापासून?"

तेवढ्यात द्वारकाबाईंच्या पदराला बांधलेला फोन वाजला. सरकारी प्रयोगशाळेचा संदेश होता. डोळे बारीक करून त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "अभिनंदन! आपण नोंदवलेलं विरजण आता वरणाळे नगरपंचायतीच्या मोठ्या प्रकल्पातही उत्तम काम करत असल्याचं सलग अकरा नमुन्यांवरून सिद्ध झालं आहे. समितीच्या पाहणीच्या वेळी आपण उपस्थित राहावं, ही विनंती."

त्यांनी पुन्हा एकदा मनात वाचलं. अकरा नमुने. अकरा बुधवार. छत्रीची सावली डोक्यावरून बाजूला सरकली होती. मुरली एक पाऊल मागं सरला होता.

"मुरल्या," त्या हळू म्हणाल्या. "माझं पाणी मोठ्या प्रकल्पाचं म्हणून देत होतास?"

"आक्का..."

"हो का नाही?"

"हो. साहेब म्हणाले, नमुना चांगला पाहिजे. आणायचा कुठून? तिथं प्रकल्पच नाही गं. टाक्या आहेत, पंप आहेत, पण पाईप चारशे मीटर अलीकडंच थांबलाय. मधली जागा उपाध्यक्षांच्या मेहुण्याची, तो खणू देत नाही. तिथं आजवर थेंबभरही सांडपाणी गेलं नाही. नमुन्यांवर सही माझी आहे. साहेबांची कुठंच नाही."

द्वारकाबाईंनी त्याच्या हातातली छत्री घेतली, मिटली आणि त्याच्या पायाशी टाकली. "माझ्या पाण्यावर पहिला नंबर घ्यायचा आणि मलाच अपायकारक म्हणायचं! आणि भडंग खाऊन जात होतास रे तू! जा इथनं. सावली नको मला तुझी."

तो गेला. द्वारकाबाई रात्रभर शहनाजभाभींना जोडीला घेऊन तिथंच राहिल्या. मंगळवारचा दिवसही तसाच गेला.

मंगळवारी दिवेलागणीला देशमाने साहेब स्वतः आले. गाडीतून उतरले तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मागं मुरली, मान खाली.

झालं होतं असं, की समिती यंदा पेनाएवढी एक कांडी घेऊन येणार होती. ती पाण्यात बुडवली की मिनिटभरात विरजणाची छाप वाचते. म्हणजे कॅनमधून नमुना देऊन भागणार नव्हतं, माळावरच्या टाकीतच छाप मिळायला हवी होती. आणि छाप जिथून मिळायची त्या बारा नंबरच्या टाकीत साहेबांनी स्वतःच्या हुकुमानं चेंबरावाटे पाच पोती टीसीएल ओतून घेतली होती. आता जिवंत विरजण साऱ्या वरणाळ्यात एकाच ठिकाणी होतं, द्वारकाबाईंच्या ओट्याखाली. हे साहेबांना सांगितलं मुरलीनं.

"बाई, झालं गेलं विसरून जा," साहेब म्हणाले. खिशातून त्यांनी दोन कागद काढले. "हा तुमचा परवाना. रकान्याचं मी बघतो. आणि ही मुरलीधररावांची कायम नेमणूक. उद्या समितीपुढं फक्त एवढं म्हणायचं, की विरजण मीच दिलंय. आणि बरणीतलं थोडं आत्ता द्या. माळावरची टाकी भरून घेतलीय मी."

द्वारकाबाईंनी कागद बघितले. परवाना! ज्याच्यासाठी अठरा फेऱ्या मारल्या तो कागद हातभर अंतरावर होता. तो घेतला तर टाकी राहणार होती, चेंबरात पुन्हा कुणी उतरणार नव्हतं, भाऊ मार्गी लागणार होता. फक्त एक खोटं बोलायचं होतं, आणि ओढ्यात जाणारी बाकीच्या अकरा वॉर्डांची घाण तशीच जाऊ द्यायची होती. तिथल्या चेंबरांत उतरणाऱ्यांचं काय? तेही आपापल्या मर्जीनंच उतरतील.

"दिवे लागले साहेब," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. लक्ष्मी जाते घरातली."

"अहो, असं काय करता? हे काही दही आहे का?"

"सकाळी मी स्वतः घेऊन येईन. पण ती झेंडूवाली गाडी आत्ता इथं पाठवा. चेंबर मोकळं झाल्याशिवाय मी झाकणावरनं उठणार नाही, आणि मी उठले नाही तर विरजण कोण आणणार?"

तासाभरात गाडी आली, माळांसकट. वीस मिनिटांत चेंबर मोकळं. वीस मिनिटांचं काम! त्यासाठी दिनकर मेला होता. द्वारकाबाई उठल्या तेव्हा गुडघे धरले होते. मुरली आधार द्यायला पुढं आला.

"आक्का, उद्या बोलशील ना साहेब म्हणतात तसं?"

"उद्या मी खोटं बोलणार नाही. तुझं तू ठरव. सकाळपर्यंत वेळ आहे."

तो तिथंच उभा राहिला. त्या घरी गेल्या.

बुधवारी माळावर मंडप होता, फेटे होते, ढोलही होता. समितीच्या अध्यक्षा, एक पांढऱ्या केसांच्या बाई, टाकीच्या कठड्याशी उभ्या होत्या. टाकी मोठी, तळ्यासारखी, काठोकाठ भरलेली. द्वारकाबाई बरणी कडेवर घेऊन आल्या. देशमाने साहेबांनी त्यांची ओळख करून दिली, 'आमच्या विरजणाच्या माउली' अशी, आणि म्हणाले, "घाला बाई, शुभ हस्ते."

द्वारकाबाईंनी बरणी खाली ठेवली. कठड्यावरून वाकून टाकीत ओंजळ बुडवली, आणि सगळ्यांच्या देखत ते पाणी पिऊन टाकलं.

कुणीतरी ओरडलं. अध्यक्षाबाई दोन पावलं मागं सरल्या. गावाच्या मैलापाण्याची टाकी होती ना ती!

"नळाचं आहे," द्वारकाबाई तोंड पुसत म्हणाल्या. "जरा टीसीएल जास्त झालीय. प्या की साहेब तुम्ही पण, काही होत नाही." मग त्यांनी बरणीचं झाकण काढलं. "विरजण आणलंय. सांगितल्याप्रमाणं आणलंय. पण विरजण लावायला दूध लागतं. गावाची घाण कुठाय? पाईप कुठाय? माझ्या टाकीचं पाणी अकरा वेळा नेलंत, तिचा परवाना दाबून ठेवलात, तिच्यात विष ओतलंत, आणि आता उरलेली वाटीसुद्धा ह्या नळाच्या पाण्यात मारू म्हणता? लाजा नाहीत वाटत?"

ढोलवाल्यानं हात थांबवला. अध्यक्षाबाईंनी कांडी बुडवली, तिच्यावरचा कोराच राहिलेला पडदा बघितला, आणि विचारलं, "मग नमुने कुणी दिले?"

"निरीक्षकांची सही आहे, मॅडम," देशमाने साहेब लगेच म्हणाले. "मला कल्पना नव्हती."

सगळ्यांनी मुरलीकडं बघितलं. द्वारकाबाईंनीही बघितलं. त्यांना वाटत होतं, आता बोलेल, साहेबांचं नाव घेईल. मुरली आपल्या बुटांकडं बघत राहिला. एक शब्द बोलला नाही.

पुढं काय झालं? जे होतं तेच. देशमाने साहेबांची जनहितार्थ बदली झाली, तिप्पट मोठ्या नगरपालिकेत. मुरली निलंबित. समितीचा अहवाल विचाराधीन. उपाध्यक्षांचा मेहुणा आहे तिथंच आहे. मुरलीच्या बायकोनं द्वारकाबाईंच्या तोंडावर दार लावून घेतलं. "वाढवलंत तुम्हीच आणि बुडवलंतही तुम्हीच," असं आतून म्हणाली. ते शब्द द्वारकाबाईंना लागले, फार लागले. पण त्या माघारी फिरून टाकीवरच आल्या, कारण टाकी त्यांची वाट बघत होती.

त्यांनी पाईप सात वेळा ओढ्याच्या वरच्या अंगाच्या पाण्यानं धुतले आणि बरणीतलं अर्धं विरजण टाकीत घातलं. विरजण धरायला अकरा दिवस लागतात. अकराव्या संध्याकाळी दिवा लागला. सुरुवातीला उदबत्तीच्या टोकाएवढा, मग हळूहळू पिवळा. अख्खी आळी जमली होती.

दुसऱ्याच दिवशी नव्या मुख्याधिकाऱ्यांची नोटीस दारावर चिकटली. तेच शब्द, तेच सात दिवस. शिक्का मात्र सरळ होता. द्वारकाबाईंनी ती वाचली, पिशवीतली पहिली काढली आणि दोन्ही टाकीच्या भिंतीला शेजारीशेजारी चिकटवून टाकल्या.

त्याच संध्याकाळी, दिवे लागल्यावर, घराच्या फाटकाशी कुणीतरी उभं राहिलं. मुरली. दाढी वाढलेली, हातात दुधाची रिकामी किटली. तो म्हणाला, "आक्का, आमच्या चार नंबर वॉर्डातलं चेंबर तुंबलंय. नव्या साहेबानं उद्या सकाळी दोन माणसं सांगितलीत. दोर आणि बादली."

"गाडी?"

"गाडीला रंग द्यायला पाठवलंय."

द्वारकाबाईंच्या तोंडून शिवीच गेली. मग त्या म्हणाल्या, "आणि किटली कशाला आणलीस?"

"विरजण दे. तिथं लोक टाकी बांधायला तयार आहेत. जुना हौद आहे शाळेमागं." त्यानं किटलीचं झाकण काढलं. "दिवे लागलेत, माहितीय मला. तरी दे."

त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. त्या दिवशी माळावर हा मुका झाला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या आणि विसरणारही नव्हत्या. "विरजण धरायला अकरा दिवस लागतात मुरल्या. सकाळी दोन माणसं उतरतील, त्यांचं काय?"

"नाही उतरणार," मुरली म्हणाला. "झाकणावर मी बसणार आहे."

द्वारकाबाई वळल्या. आत गेल्या, ओट्याखालची बरणी काढली आणि किटलीत पळीनं विरजण घातलं. एक पळी, दोन पळ्या, तिसरीही. किटलीचं झाकण घट्ट आवळून त्यांनी ती भावाच्या हातात दिली.

"लवकर जाऊन बस," त्या म्हणाल्या. "मी भाकरी घेऊन येते. आणि खाली पोतं घे, ते झाकण फार तापतं."